आधी वरचा प्लग: जिप्सीच्या ट्रान्सफर केसचं ऑईल स्वतः बदलताना

जिप्सी घेतली की लोक इंजिन ऑईलसाठी दहा जणांना विचारतात, कुठलं घालू, सिंथेटिक चालेल का, किती हजारला बदलू, आणि त्याच गाडीच्या पोटाखाली मधोमध जो डबा लटकतोय त्याचं ऑईल शेवटचं कधी बदललंत असं विचारलं की एकदम गप्प. मी पण त्यातलाच. माझी गाडी २००९ ची, १३०० सीसीवाली किंग, एका नर्सरीवाल्या काकांकडून घेतलेली, त्यांनी तिच्यातून कलमं वाहिली पण फाईल मात्र एकदम टापटीप, सगळी बिलं तारखेवार लावलेली, आणि त्यात एका गॅरेजच्या बिलावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, ट्रान्सफर ऑईल बदलले. ते वाचून मी निवांत फिरलो. मग एका रविवारी सहज खाली सरकलो आणि बघतो तर त्या डब्याच्या दोन्ही प्लगवर, म्हणजे ऑईल भरायच्या वरच्या आणि काढायच्या खालच्या बुचावर, लाल चिखलाचा असा थर बसलेला की पाना लावायला आधी खिळ्याने कोरावं लागलं. बिल होतं सहा महिन्यांपूर्वीचं आणि चिखल होता कित्येक पावसाळ्यांचा. म्हणजे पैसे घेतले, ऑईल नाही बदललं. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो, आणि खरं सांगतो, इंजिन ऑईल बदलण्यापेक्षा हे सोपंय, फक्त एक चूक करायची नाही, ती कुठली ते पुढे येतंच, मी ती केलेली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्समधून आलेली ताकद नुसती मागच्या चाकांना द्यायची का पुढच्या मागच्या दोन्हींना, आणि चढावर लो रेंज, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त, पाहिजे का, हे ठरवणारा वेगळा छोटा गिअरबॉक्स. बऱ्याचशा फोर व्हील ड्राईव्ह पिकअप आणि जीपमध्ये तो मुख्य गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला थेट बोल्टने जोडलेला असतो. जिप्सीत तसं नाहीये, तिथे तो सुटा आहे, गिअरबॉक्समधून एक आखूड शाफ्ट येतो आणि त्या डब्यात शिरतो, मग त्यातून एक शाफ्ट पुढच्या अ‍ॅक्सलला जातो आणि एक मागच्या. म्हणून खाली गेल्यावर ओळखायची खूण सोपी, ज्या डब्याला तीन शाफ्ट लागलेत तो ट्रान्सफर केस. हे मुद्दाम सांगतोय कारण ओळखीच्या एकाने ट्रान्सफर समजून गिअरबॉक्सच रिकामा केला आणि मग ट्रान्सफरमध्ये वरून ऑईल घालत बसला, ते जाईना म्हणून चिडला. जाणार कुठून, तो आधीच भरलेला होता.

सुटा असण्याचा एक फायदा पण आहे. जिथे केस गिअरबॉक्सला चिकटलेली असते तिथे मधलं सील गेलं की एकाचं ऑईल दुसऱ्यात उतरतं, एका बाजूला कमी होतं आणि दुसऱ्या बाजूला जास्त, आणि बाहेर एक थेंब पडत नाही त्यामुळे महिनोन्महिने कळत नाही. तुमची गाडी तशी असेल आणि प्लग उघडल्यावर ठरलेल्या मापापेक्षा भरपूर जास्त ऑईल आलं तर खूश होऊ नका, गिअरबॉक्सची लेव्हल त्याच दिवशी बघा. जिप्सीत ही भानगड नाही, जे काय गळतं ते खाली जमिनीवर दिसतं.

आता ऑईल. जिप्सीच्या ट्रान्सफरमध्ये सगळे गिअर आहेत, चेन नाही, त्यामुळे जाड गिअर ऑईल लागतं, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० या जाडीचं. माप साधारण ०.८ लिटर, म्हणजे एक लिटरचा डबा आणला तर पुरून थोडं उरतं. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असं छापलेलं असतं त्यावरून लोक तासन्‌तास भांडतात. त्यातलं कामाचं एवढंच की जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसवाला मसाला जास्त असतो, दातांवर फार दाब येतो तिथे म्हणजे डिफरन्शियलमध्ये तो हवाच, पण जिथे पितळेच्या रिंगा असतात त्या गिअरबॉक्सला तो मानवतोच असं नाही. म्हणून मी मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच आणतो, दुकानदार कितीही म्हणाला की हे घ्या साहेब हे वरचं आहे, वरचं खालचं काही नसतं, वेगळं असतं. आणि हो, गिअर ऑईलला वास येतो, तोच गंधकाचा, हाताला लागला तर दोन दिवस जात नाही. जुने हातमोजे घाला नाहीतर घरात जेवायला वेगळं बसवतील, आमच्याकडे बसवलंय.

तुमची गाडी जिप्सी नसेल तर हे सगळं डोळे मिटून लावू नका. माझा मावसभाऊ अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतो, त्याच्याकडे टोयोटा टाकोमा, २००५ ते २०१५ वाली पिढी, तिच्यात पण ७५डब्ल्यू-९० जीएल-५ जातं, जवळपास एकच लिटर, आणि दोन्ही प्लग २४ नंबरच्या गोटीने, म्हणजे सॉकेटने, निघतात. पण त्याच्या शेजाऱ्याकडे जुनी रँग्लर आहे, १९९७ ते २००६ वाली, तिच्या ट्रान्सफरमध्ये आत चेन आणि छोटा पंप, तिथे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवालं पातळ लाल एटीएफ जातं. शेवरोलेच्या काही पिकअपमध्ये, जिथे ऑटो फोर व्हीलचं बटण असतं, तिथे तर वेगळंच निळं फ्लुइड येतं आणि त्याऐवजी दुसरं घातलं तर आतल्या क्लचप्लेटा कुरकुर करायला लागतात. ढोबळमानाने गिअर असतील तर जाड आणि चेन असेल तर पातळ असं म्हणतात, पण त्या टाकोमात चेन असून जाड ऑईल आहे, म्हणजे अंदाजाला किंमत शून्य. मॅन्युअल उघडा. हरवलं असेल तर आधी ते शोधा, मग पाने शोधा.

सामान फार लागत नाही. प्लगला बसेल तो पाना किंवा गोटी, लांब दांड्याचं रॅचेट, दीड-दोन लिटर मावेल असं पसरट भांडं, तारेचा ब्रश, जुनी बनियन किंवा सुती फडकं, डब्ल्यूडी फॉर्टी, आणि गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी, पाच-सहा मीटर. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती नळी या कामात दोनदा वापरायचीये, का ते सांगतो. प्लगच्या डोक्याचं आधीच बघून ठेवा, काही ठिकाणी बाहेरून षटकोनी असतं, काही ठिकाणी चौकोनी खड्डा असतो ज्यात रॅचेटचं टोकच बसतं, आणि जुन्या गाडीत आधीच्या कुणी भलताच प्लग ठोकलेला पण असू शकतो. रविवारी दुपारी खाली झोपल्यावर कळलं की आपल्याकडे तो नंबर नाही तर त्यासारखी चिडचिड नाही.

गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा म्हणजे ऑईल कोमट होऊन पातळ होतं आणि बुडाशी बसलेला गाळ वर येतो. मग सपाट जागा. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात कारण ट्रान्सफर केसला डिपस्टिक नसते, वरचा प्लग हीच लेव्हल, त्या भोकाच्या काठापर्यंत ऑईल आलं की भरलं, त्यामुळे गाडी तिरकी असेल तर मापही तिरकं. सोसायटीचं पार्किंग सपाट दिसतं पण पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार दिलेला असतो, डोळ्याला कळत नाही. म्हणून लेव्हल नळी. तिच्यात पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, एक टोक पुढच्या चाकामागे चेसिसच्या सरळ पट्टीला धरा आणि दुसरं टोक मागच्या चाकाच्या अलीकडे त्याच पट्टीला, दोन्हीकडे पट्टीच्या खालच्या कडेपासून पाणी सारख्या अंतरावर दिसलं म्हणजे झालं. नाही दिसलं तर ज्या बाजूला उतार तिथल्या चाकांखाली फळी टाकून गाडी चढवा. माझ्या पार्किंगमध्ये मागे एक इंची फळी लागते, आता पाठच झालंय. डावं-उजवं पण तसंच बघून घ्या, पण तिथे फार काथ्याकूट करायची गरज नाही.

जॅक लावू नका. जिप्सी जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच आहे, माझ्यासारखा पोट सुटलेला माणूस पण पुठ्ठा अंथरून सरकतो. जॅक लावला की लेव्हल तर गेलीच आणि वर नुस्त्या जॅकवरच्या गाडीखाली झोपणं म्हणजे मूर्खपणा, दरवर्षी कुठे ना कुठे कुणीतरी चिरडल्याची बातमी येते. हँडब्रेक ओढा, चारी चाकांना दगडाच्या उट्या लावा, किल्ली काढून खिशात ठेवा. आणि एक गोष्ट जी फोर बाय फोर नवीन घेतलेल्यांच्या लक्षातच येत नाही, ट्रान्सफरचा छोटा लिव्हर न्यूट्रलला असेल तर पहिला गिअर टाकून ठेवला तरी गाडी थांबत नाही, कारण इंजिन आणि चाकांमधला दुवाच तुटलेला असतो, मोठा गिअर कितीही टाका गाडी घरंगळणार. तेव्हा छोटा लिव्हर टू एचला, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांवर, आणि मोठा पहिल्या गिअरला, हलवून बघा आणि मगच खाली जा.

आता ती चूक.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी शहाण्यासारखा सरळ खालचा प्लग उघडला. मस्त निघाला, ऑईल भडाभडा आलं, मी खूश, फोटो काढला, भावाला पाठवला. मग वरचा प्लग उघडायला गेलो तर तो ढिम्म. वरच्या प्लगला चौकोनी खड्डा होता, त्यात आधीच कुणीतरी काहीतरी घालून कडा गोल करून ठेवलेल्या, माझं रॅचेट दोनदा सटकलं आणि खड्डा अजून गोल झाला. संध्याकाळचे साडेसहा, गाडी कोरडी, दुकानं बंद व्हायला आली, ऑईलचा डबा हातात आणि घालायला भोकच नाही. कोरड्या केसवर गाडी हलवता येत नाही, म्हणजे ढकलत न्यायची किंवा टो करायची, तीही शाफ्ट सोडून. शेवटी आमच्या कोपऱ्यावरचे मिस्त्री, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांना फोन केला. ते स्कूटरवर आले, खाली वाकून एकदाच बघितलं, मला काही बोलले नाहीत, पिशवीतून छिन्नी काढली, प्लगच्या कडेला तिरकी टेकवली आणि हातोडीने टक, टक, टक, उघडायच्या दिशेने. चौथ्या टोल्याला प्लग केसाएवढा हलला आणि त्यातून बारीक लालसर गंज भुरभुरला. मग पान्याने निघाला. नवीन प्लग दुसऱ्या दिवशी मिळाला. चहा घेताना मामा म्हणाले, अरे आधी तोंड उघडतं का बघायचं, मग पोट रिकामं करायचं.

एवढंच ते. वरचा प्लग आधी. तो निघाला तरच खालच्याला हात लावा. वरचा नाही निघाला तर जुनं ऑईल आत आहे, गाडी चालवत गॅरेजला जाता येतं, काही बिघडलेलं नाही.

प्लगभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने आधी साफ करा नाहीतर तोच आत पडतो. आदल्या रात्रीच डब्ल्यूडी फॉर्टी मारून ठेवलं तर अजून बरं. चौकोनी खड्डा असेल तर त्यातला चिखल खिळ्याने पूर्ण कोरून काढा, रॅचेटचं टोक तळापर्यंत बसलं पाहिजे, अर्धवट बसलं की कडा गोल होणार, माझ्यासारखं. खाली उताणं पडलं की उघडायची दिशा कुठली यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो, त्यावर उपाय म्हणजे आपण कसे झोपलोय ते विसरायचं आणि प्लगच्या डोक्याकडे सरळ बघतोय असं धरून घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचं. हळूहळू वाढता जोर द्यायचा, झटका नाही. केस अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि प्लग लोखंडी, भांडण झालं तर आटे केसचे जाणार, प्लगचे नाही.

वरचा निघाला की बोटाचं टोक आत घालून बघा, ऑईल काठाशी लागतंय का. लागलं तर छान. बोट वाकवूनही लागलं नाही तर कुठेतरी गळतंय, ते आधी शोधा, नुसतं नवीन भरून उपयोग नाही, तेही गळणार. मग भांडं नीट खाली सरकवून खालचा प्लग सोडा, शेवटचे आटे हाताने फिरवा आणि प्लग आत दाबून धरत फिरवा म्हणजे तो एकदम हातात येतो, ऑईल हातावरून कोपरापर्यंत येत नाही. येतंच थोडं. धार आधी लांब पडते आणि मग जवळ येत जाते, भांडं तसं सरकवत राहा.

आणि इथे घाई करू नका, या कामातला सगळा मजकूर त्या भांड्यात असतो. चांगलं ऑईल मधासारखं किंवा फार तर काळसर तपकिरी. माझं पहिल्या वेळी निघालेलं डांबरासारखं काळं होतं आणि जेमतेम निम्मं, आणि वास जळका. खालच्या प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी लोणी बसलेलं दिसेल, बोटावर घेऊन चोळलं तर काजळासारखं गुळगुळीत लागतं, ती नेहमीची झीज, घाबरायचं काही नाही. पण चोळताना बोचलं, टोचलं, किंवा तांदळाच्या कणीएवढा चमकणारा तुकडा दिसला तर दात किंवा बेअरिंग बोलतंय, ऑईल बदलून ते गप्प बसणार नाही. मी ते राखाडी प्रत्येक वेळी पांढऱ्या कागदावर पुसून तारीख घालून गाडीच्या फाईलमध्ये ठेवतो, बायको म्हणते हा काय रक्ताचा रिपोर्ट आहे का, तर हो, तोच आहे.

तिसरा प्रकार म्हणजे दुधाळ. ऑईल कडक चहात दूध घातल्यासारखं दिसलं म्हणजे आत पाणी गेलंय, आणि आपल्याकडे सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्यांच्या गाडीत हे हमखास दिसतं. होतं असं की तुम्ही घाट चढून येता, डबा गरम असतो, आतली हवा फुगलेली, आणि मग ओढ्यात घालता, गार पाणी लागलं की आतली हवा एकदम आकसते आणि जिथून मिळेल तिथून पाणी ओढून घेते. हवा आत-बाहेर करायला केसला वर एक ब्रीदर असतो, तो मातीने बुजला असेल तर हा ओढा सीलवर येतो आणि सीलच्या ओठातून पाणी आत. म्हणून ऑईल बदलताना ब्रीदर मोकळा आहे का बघाच, आणि ओढा ओलांडायच्या आधी गाडी दहा मिनिटं थांबवून गार होऊ द्या, तेवढ्यात भजी खा. दुधाळ निघालं तर एकदा नवीन भरून, पन्नास-शंभर किलोमीटर चालवून परत काढा, एका वेळेत सगळं पाणी निघत नाही. महागडं ऑईल या धुण्याच्या फेरीला घालू नका, फक्त जाडी आणि ग्रेड तोच ठेवा. किनाऱ्यावर लाटांत गाडी घालून व्हिडिओ काढणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांना पोलीस सांगतात.

वीस-पंचवीस मिनिटं थेंब थेंब निथळू द्या. तोवर खाली आहातच तर दोन कामं करून घ्या. एक, हा डबा तीन रबरी माउंटवर टांगलेला आहे आणि ती रबरं म्हणजे जिप्सीचं दुखणं, टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून डबा हलक्या हाताने उचकून बघा, रबर फाटून लोखंडाला लोखंड लागत असेल तर तुमच्या गाडीचा थरथराट आणि लोमध्ये लिव्हर उडण्याची तक्रार तिथूनच येतेय, ऑईलवर खापर फोडू नका. दोन, शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसना ग्रीस भरायचे निपल असतील तर ग्रीस मारून घ्या, आखूड शाफ्टला पण, तो सगळे विसरतात.

मग खालचा प्लग. आटे पुसा, केसच्या भोकाचे आटे पण फडक्याने पुसा, आट्यांना थोडं सीलंट लावा, आणि आधी हाताने तीन-चार फेरे सहज गेले पाहिजेत, नाही गेले तर तिरका लागलाय, काढा आणि परत लावा. शेवटी पान्याने कसा, पण दांड्यावर पाईप घालून लोंबकळू नका. तुमच्या गाडीत प्लगखाली वॉशर असेल तर तो दर वेळी नवा घाला, दाबला गेलेला वॉशर दुसऱ्यांदा नीट बसत नाही. मावसभावाकडे टॉर्क पाना आहे, ठरलेला जोर झाला की कट्ट वाजणारा, त्याच्या टाकोमाला ३७ न्यूटन मीटर सांगितलंय, व्हिडिओ कॉलवर त्याने कट्ट आवाज करून दाखवला तेव्हा मला कळलं की मी आयुष्यभर प्लग किती जास्त आवळत आलोय. ३७ म्हणजे हातभर दांड्याला एका हाताने बऱ्यापैकी, बस. मुठी वळून दात-ओठ खाऊन नाही.

भरणं हा खरा वैताग कारण डबा खाली, भोक आडवं आणि वर बाटली उलटी करायला जागा नाही. पंप मिळतो, ज्यांच्याकडे आहे त्यांनी वापरा. मी त्याच लेव्हल नळीचा दोन-अडीच मीटरचा तुकडा वापरतो, पाणी भरायच्या आधीच कापून बाजूला कोरडा ठेवलेला, थेंबभर पाणी पण नको. एक टोक वरच्या भोकात चार बोटं आत, नळी चेसिसच्या कडेने बाहेर काढून दाराच्या उंचीपर्यंत वर, आणि वर कोल्ड्रिंकची बाटली बूड कापून उलटी, तिच्या तोंडावर नळी खेचून बसवलेली, झालं नरसाळं. ऑईलचा डबा आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या बादलीत ठेवा, झाकण घट्ट लावून, नाहीतर थंडीत ८०डब्ल्यू-९० म्हणजे काकवी, उतरतच नाही. वर बाटली धरायला एक माणूस लागतो, मी भाच्याला उभं केलं होतं, तो दर मिनिटाला वरून ओरडायचा, मामा आलं का, आणि मी खालून, नाही रे अजून, आणि असं करता करता एकदम भोकातून बारीक धार माझ्या कानात. आली म्हणजे भरलं.

डबा संपला म्हणून थांबायचं नाही आणि डब्यात उरलंय म्हणून दामटायचं पण नाही. भोकातून ओघळायला लागलं की नळी काढा आणि ओघळ थांबून थेंबावर येईपर्यंत थांबा, तीच लेव्हल. माप लिटरचं नाही, काठाचं. थोडं जास्त घातलं तर काय होतंय म्हणून प्लग पटकन लावू नका, जास्त झालं की गिअर ते घुसळून फेस करतात, दाब वाढतो आणि सीलमधून बाहेर टाकतात, मग लोक म्हणतात ऑईल बदलल्यापासून गळायला लागली.

वरचा प्लग लावा, सगळं पुसून कोरडं करा, पाच-सात किलोमीटर फिरवा. फोर व्हीलला टाकून बघायचं असेल तर मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावरच, कोरड्या डांबरावर नको, जिप्सीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये फरक सोसणारं मधलं डिफरन्शियल नाही, वळणावर सगळा ताण त्याच डब्यात साठतो ज्याला तुम्ही आत्ता नवं ऑईल पाजलंत. लो रेंजला गाडी पूर्ण थांबवूनच टाका. रात्री खाली पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग नसेल तर काम पास.

किती दिवसांनी करायचं याचं माझं गणित असं, वीस हजार किलोमीटर किंवा दोन वर्षं, आणि चाकाच्या मध्यापर्यंत पाणी आलेला ओढा ओलांडला तर किलोमीटर न बघता लगेच वरचा प्लग उघडून बोट घालून बघायचं. गाडी नुसती शहरात फिरत असेल तर एवढं लागणार नाही, पण मग जिप्सी घेतली कशाला.

जुनं ऑईल गटारात ओतू नका, झाडाच्या बुडाशी पण नको. कोपऱ्यावरच्या गॅरेजला पिंप असतं, त्यांच्याकडचं जळकं ऑईल गोळा करायला माणूस येतो, त्यात द्या. आमच्याकडे एक ठेकेदार स्लॅबच्या शटरिंगला लावायला मागतो, त्याला मी आधी देत होतो, मग लक्षात आलं की ते शेवटी पावसाने मातीतच जातं, आता पिंपातच.

आणि शेवटचं काम, दोन मिनिटांचं. दोन्ही प्लग आवळून पुसून झाले की प्लगच्या डोक्यावरून केसवर जाईल अशी एक सरळ रेघ ओढा. मी बायकोची जुनी लाल नेलपॉलिश वापरतो, मार्करपेक्षा टिकते, चिखलाखाली पण दिसते. प्लग सैल व्हायला लागला तर रेघ तुटलेली दिसते हा एक उपयोग. दुसरा उपयोग मागच्या महिन्यात झाला. क्लचच्या कामासाठी गाडी एका नव्या ठिकाणी दिली होती, बिल आलं, त्यात खालून तिसरी ओळ, ट्रान्सफर ऑईल, एक लिटर, लेबरसकट. मी पैसे द्यायच्या आधी मोबाईलचा टॉर्च घेऊन तिथेच गाडीखाली सरकलो. दोन्ही रेघा जागच्या जागी.